लघुलहरींवरील डेटा-चाचण्यांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

केबल तुटली, मोबाइलचे मनोरे बंद पडले, तरी ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लघुलहरी (शॉर्टवेव्ह रेडिओलहरी) आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून, परतून शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात; मध्ये मनोरा लागत नाही की उपग्रह. या लहरींवरून मजकूर व छोट्या फाइली पाठवणारे आणि परिस्थिती पाहून स्वतःचा वेग बदलणारे खुले मोडेम-सॉफ्टवेअर आमचे हौशी रेडिओ मंडळ तयार करीत आहे. त्याच्या चाचण्यांसाठी आपली मदत हवी आहे.

आयनांबर स्थिर नसते. दिवसा त्याचा खालचा ‘डी’ थर कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो, तर रात्री वरच्या ‘एफ’ थरातील इलेक्ट्रॉनांची घनता घटल्याने दिवसा उत्तम चाललेली उंच फ्रिक्वेन्सी आरपार अवकाशात निघून जाते. शिवाय एकच संकेत दोन-तीन वाटांनी, काही मिलिसेकंदांच्या फरकाने येतो आणि त्या प्रती एकमेकींत मिसळून कधी बळावतात, कधी बुडतात. म्हणूनच लष्करी मोडेमांच्या मानकांत ३ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलसाठी सेकंदाला ७५ पासून ९६०० बिटांपर्यंतचे वेग ठेवलेले आहेत.

रिसीव्हरने प्रत्येक पोचेबरोबर संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर कळवावे व प्रेषकाने त्यावरून पुढचा वेग ठरवावा, ही कल्पना सोपी आहे. परंतु पोच हाती येईपर्यंत चॅनेल बदललेले असू शकते. क्षणभराची बुडी पाहून वेग उतरवला तर पुढचा चांगला काळ वाया जातो, आणि वरचाच वेग धरून ठेवला तर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवण्यात रात्र सरते. हा निर्णय केवळ सिम्युलेटरच्या भरवशावर घेता येत नाही, असे आमचे मत आहे. त्यासाठी निरनिराळ्या अंतरांवरून महिनोन्महिने घेतलेल्या नोंदी लागतात, आणि त्यांतही फसलेल्या प्रयत्नांच्या नोंदी आम्हाला सर्वांत मोलाच्या वाटतात.

आपल्याकडे वापरात नसलेला एचएफ ट्रान्सीव्हर (लघुलहरींवर संकेत पाठवणारा व घेणारा संच), रिसीव्हर, १२ व्होल्टची बॅटरी किंवा कोॲक्सियल केबल असल्यास ती मंडळास द्यावी. ७ मेगाहर्ट्झचा सुमारे २० मीटर लांबीचा डायपोल (तारेचा अँटेना) ताणण्याइतकी मोकळी जागा ज्यांच्याकडे आहे, त्यांनी तेथे नोंदकेंद्र उभारू द्यावे; प्रक्षेपण परवानाधारक सदस्यच करतील. आर्थिक साहाय्य रिसीव्हर व अँटेनांवरच खर्च होईल आणि त्याचा हिशेब देणगीदारांपुढे ठेवला जाईल. सर्व नोंदी व प्रोग्राम कोणालाही विनामूल्य वापरता येतील.

उपकरण बिघडलेले असले तरी तसे सांगून द्यावे. दुरुस्ती आम्ही करून घेऊ.

कार्यकारिणी, हौशी रेडिओ मंडळ