प्री-मेडचं कॉलेज निवडताना आधी व्हिसा बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या करिअर पुरवणीत अमेरिकेत प्री-मेड (म्हणजे मेडिकलच्या आधीचं शिक्षण) कुठून करावं यावर आलेला लेख पुण्याच्या मावसबहिणीने फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला, वर विचारलंय की आमच्या चिरंजीवांसाठी यातलं कुठलं बरं. कॉलेजांची नावं सगळी भारी आहेत पण जिथे गाडी अडते तेच त्यात नाहीये, म्हणून हे पत्र. मी एडिसन, न्यू जर्सीत राहते, मुलगी नुकतीच या चरकातून बाहेर आलीये.

पहिलं म्हणजे प्री-मेड नावाची डिग्री नसते. इथे बारावीनंतर थेट एमबीबीएस नाही, आधी चार वर्षांची कुठलीही बॅचलर्स आणि मग चार वर्षांची एमडी. मुलाने इतिहासात मेजर केलं तरी चालतं, फक्त बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री हे कोर्सेस करायचे आणि एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायची. त्यामुळे "आमच्याकडे खास प्री-मेड प्रोग्राम आहे" असं कुणी एजंट म्हणाला की समजायचं, बऱ्याचदा तो प्रोग्राम म्हणजे एक सल्लागार आणि कोर्सेसची यादी, बस्स.

आता मुख्य मुद्दा. नीटला 22-24 लाख मुलं आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर, म्हणून ज्यांच्याकडे पैसा आहे ते म्हणतात चला अमेरिका. बॅचलर्सला ॲडमिशन मिळते, एफ-1 म्हणजे विद्यार्थ्यांचा व्हिसा मिळाला तर मुलगा येतोही, आणि तिसऱ्या वर्षी कळतं की इथली बहुतेक मेडिकल कॉलेजं सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांचेच अर्ज बघतात. जी थोडी एफ-1 वाल्यांना घेतात ती घेतात मोजकेच, आणि त्यातली काही तर चारही वर्षांचे पैसे आधी दाखवा नाहीतर एस्क्रो अकाउंटला (फीसाठी राखून ठेवलेल्या खात्यात) टाका म्हणतात, इथल्या केंद्र सरकारचं फेडरल लोन तर मिळतच नाही. शिवाय एफ-1 वर कॅम्पसबाहेर पगारी काम परवानगीशिवाय करता येत नाही, म्हणजे इथली पोरं ॲम्ब्युलन्सवर ईएमटी नाहीतर डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारी स्क्राइब म्हणून नोकरी करून जो पेशंटचा अनुभव गोळा करतात तो या मुलांनी फुकट व्हॉलंटियर करून जमवायचा.

आणि हे फक्त तिकडून येणाऱ्यांचं नाही हो, आमच्या गल्लीतच बघा ना. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आलेले आईबाप, भारतीयांची ग्रीन कार्डची रांग संपता संपत नाही, मूल दुसरी-तिसरीत असताना आलेलं, बोलणं-चालणं सगळं इथलं, आणि 21 वर्षं पूर्ण झाली की आईबापांच्या व्हिसावर मिळालेला एच-4 संपतो. मग ते एफ-1 वर जातं आणि नेमका तेव्हाच मेडिकलचा अर्ज भरायचा असतो, तिथे ते "इंटरनॅशनल" ठरतं. आमच्या ओळखीच्या एका मुलीचा जीपीए (4 पैकी काढलेली ग्रेडची सरासरी) आमच्या मुलीपेक्षा चांगला होता, पण तिने कॉलेजांची यादी काढली आणि व्हिसाच्या चाळणीतून टाकली तर हातात बोटावर मोजण्याइतकी उरली. ती आता पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करतेय. हे बारावीत असताना कुणी सांगितलं असतं तर घरच्यांनी वेगळा विचार केला असता.

ज्यांचा व्हिसाचा प्रश्न सुटलाय त्यांनी दुसरं बघायचं ते राज्य. सरकारी मेडिकल कॉलेजं आपल्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात, टेक्सासमध्ये तर बाहेरच्यांना 10 टक्क्यांच्या वर जागा द्यायच्याच नाहीत असा नियम आहे. म्हणजे टेक्सासमधल्या मराठी घराने हौसेने बोस्टनला पाठवताना आधी आपल्या राज्यातली कॉलेजं बघावीत.

नावाचं म्हणाल तर मला त्याचं कौतुक राहिलेलं नाही. अर्जात जीपीए दिसतो, त्यात सायन्सचा वेगळा काढतात, नापास होऊन परत दिलेला कोर्स असेल तर दोन्ही ग्रेड मोजतात. सिलेक्ट होणाऱ्यांचा सरासरी जीपीए 3.7 च्या वर आणि एमकॅट 528 पैकी 511 च्या आसपास असतो. मोठ्या नावाच्या कॉलेजात ऑरगॅनिकला कर्व्हवर ग्रेडिंग (म्हणजे वर्गातल्या इतरांशी तुलना करून ग्रेड), शेजारी सगळे आपापल्या शाळेतले टॉपर, त्यात बी-मायनस घेऊन बसण्यापेक्षा स्टेट युनिव्हर्सिटीत ए मिळवणारं पोर पुढे जातं. आमची रट्गर्सला, म्हणजे इथल्या स्टेट युनिव्हर्सिटीला, घरून जायची, वर्षाची फी 18 हजार डॉलरच्या आसपास. नावाजलेल्या खासगीत राहण्याजेवणासकट वर्षाला 90 हजारांच्या घरात जातं. आणि आता कर्जाचंही बदललंय, 2025 च्या कायद्याने ग्रॅड प्लस लोन (बॅचलर्सनंतरच्या शिक्षणासाठीचं फेडरल कर्ज) नवीन विद्यार्थ्यांसाठी जुलै 2026 पासून बंद, फेडरल कर्ज वर्षाला 50 हजार आणि एकूण 2 लाख डॉलरपर्यंतच, म्हणजे बॅचलर्सला सगळे पैसे उडवले तर एमडीला खासगी बँकेच्या दारात.

अजून एक गंमत सांगते. कॅम्पस टूरला अभिमानाने सांगतात, आमची 90 टक्के मुलं मेडिकलला लागतात. ते कसं होतं तर काही कॉलेजांत अर्जासोबत कॉलेजच्या कमिटीचं शिफारसपत्र, म्हणजे कमिटी लेटर लागतं, ज्याचे मार्क कमी त्याला कमिटी पत्र देत नाही किंवा "यंदा थांब" म्हणते, तो अर्ज करत नाही आणि हिशोबातच येत नाही. आम्ही एका ठिकाणी विचारलं की पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणून किती आले आणि शेवटी अर्ज किती जणांनी केला, तर ती गाइड मुलगी हसली आणि आम्हाला नवीन जिम दाखवायला घेऊन गेली. देशभराचे आकडेही तसेच फसवे, वर्षाला 50 हजारांवर अर्ज आणि 23 हजारांच्या आसपास ॲडमिशन, बरं वाटतं ऐकायला, पण ऑरगॅनिकमध्येच गळलेले त्यात कुठे धरलेत!

बारावीनंतरच एमडीची जागा राखून ठेवणारे बीएस-एमडी प्रोग्राम आहेत, ब्राउनचा आठ वर्षांचा, मिसूरीत कॅन्सस सिटीचा सहा वर्षांचा, पण अशा जागा फार थोड्या आणि बऱ्याच ठिकाणी तिथेही सिटिझनशिप नाहीतर ग्रीन कार्ड विचारतात.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी कुठल्या कन्सल्टंटचा लेख किंवा सेमिनारची जाहिरात छापाल तेव्हा त्यांना एक प्रश्न विचारून उत्तर सोबत छापा: तुम्ही एफ-1 वर पाठवलेल्यांपैकी अमेरिकेत एमडीला किती लागले? बहिणीला मी हेच विचारून यायला सांगितलंय, रविवारी ती एका सेमिनारला चाललीये.

आपली,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी