नाना पेठेतल्या डेंटर काकांना

प्रिय काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानले तर तुम्ही चहा सांगाल आणि विषय बदलाल, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

गाड्यांचे फोटो काढून चार पैसे मिळायला लागले तेव्हा घरचे म्हणाले, आवडीचंच काम मिळालं पोराला. पुढे शोरूमच्या डिलिव्हऱ्या सुरू झाल्या. हार, नारळ, चाकाखालचं लिंबू आणि रात्रीच्या आत हवी असलेली रील. मोठं काम आलं की लवासाचा रस्ता, उतरतं ऊन आणि पुढचा दिवा जवळ, मागचं चाक लांब असा ठरलेला कोन. गाडी बदलायची, फोटो तोच. मग एक दिवस लक्षात आलं की सिग्नलला शेजारी देखणी गाडी येऊन थांबली तरी माझी मान वळत नाही. लहानपणी नुसत्या आवाजावरून गाडी ओळखणाऱ्या माझ्यासारख्याला याची फार भीती वाटली.

तेव्हाच एका ओळखीच्यांची जुनी टाटा सिएरा तुमच्याकडे रंगाला आली होती. १९९१ साली बाजारात आलेली, आपल्या पुण्यातच घडलेली, तीन दरवाजांची, मागची काच थेट छताकडे वळत गेलेली. मी फोटो काढायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, "कॅमेरा राहू दे बाजूला, आधी हे बघ." आणि ट्यूबलाइट हातात धरून पत्र्यात पडलेली तिची उजेडाची रेघ सावकाश सरकवत नेलीत. जिथे रेघ थरथरली तिथे बोट ठेवलंत. "इथं अजून लाट आहे."

काका, इतकी वर्षं मी गाडीवर प्रकाश टाकत होतो. पण चकचकीत पत्रा स्वतः फारसा दिसतच नाही. दिसतं ते त्यात पडलेलं आभाळ, झाड, समोरची भिंत. गाडीचा फोटो म्हणजे बराचसा तिच्या आजूबाजूचा फोटो, हे मला तुमच्या त्या रेघेने शिकवलं. मी लेन्सवरचा पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, फिरवून बॉनेटवरची चमक घालवून दाखवली, तर तुम्ही लगेच म्हणालात, "सगळी मारू नकोस, पत्रा कुठं वळतो ते कळायचं कसं?" तेव्हापासून गाडीच्या खांद्यावरून, म्हणजे खिडक्यांखालच्या कडेवरून, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत जाणारी एक रेघ राखून ठेवतो आणि मगच बटण दाबतो.

त्याहून मोठी गोष्ट तुम्ही न बोलता दिलीत. भर पावसाळ्यात गिऱ्हाईक घाई करत होतं आणि तुम्ही रंगाचा शेवटचा हात मारायला नकार दिलात. हवेत ओल असली की रंगावर पांढुरकी झाक येते, म्हणून पावसात पत्र्याचं काम करायचं आणि रंगाला कोरडा दिवस बघायचा, हे तुमचं गणित. एक थर सुकल्याशिवाय दुसरा नाही. गिऱ्हाईक गेल्यावर तुम्ही शांतपणे दुसऱ्या गाडीच्या मडगार्डला हात घातलात. थांबणं हाही कामाचाच भाग असतो, हे मी त्याआधी कुणाला इतक्या सहज करताना पाहिलं नव्हतं.

मी आता त्याच दिवशी रील देण्याची कामं घेत नाही. पैसे थोडे कमी मिळतात, पण झोप लागते. रविवारची सकाळ कुणाला विकत नाही. एक ५० मिमीची लेन्स घेऊन जंगली महाराज रस्त्यावर उभा राहतो आणि शटर १/३० सेकंदावर, म्हणजे जरा संथ, ठेवून जाणाऱ्या रिक्षा, टेम्पो, एखादी जपलेली जुनी फियाट यांच्याबरोबर कॅमेरा फिरवतो. बरेचसे फोटो हलतात. एखाद्यात चाकं गरगरतात, मागची झाडं वाहत जातात आणि दरवाजा मात्र लख्ख येतो. मग दिवसभर मी घरात गुणगुणत असतो, असं आई सांगते.

हे काम करणाऱ्या आणि थकलेल्या माझ्या मित्रांना मी नवीन लेन्स घ्या म्हणून सांगत नाही. तुमच्यासारख्या माणसाच्या गॅरेजात कॅमेऱ्याविना दोन तास बसा म्हणतो. पत्रा समजला की गाडी पुन्हा बघावीशी वाटते.

सिएराचा एक फोटो मोठा छापून घेतलाय. खंडेनवमीला अवजारांची पूजा कराल तेव्हा घेऊन येतो. कंप्रेसरच्या वरची भिंत मोकळी आहे, तिथे खिळा ठोकून ठेवा.

तुमचा,
फोटोवाला