खालच्या मजल्यावरच्या काकांविषयी

नायमेगन, नेदरलँड्स
रविवार, 18 मे 2025

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

तुमची जुलैची तिकिटे निघाली, व्हिसाही हातात आला, त्यामुळे घरात रोज तुमच्या येण्याचीच चर्चा असते. परवा रात्री जेवताना तुमच्या नातवाने विचारले, "आजी आली की मी खाली काकांकडे जायचे नाही ना?" तो कुरकुरला नाही, रुसलाही नाही. पावसात छत्रीशिवाय बाहेर पडायचे नाही, तसाच हाही घरातला एक नियम असावा, अशा सुरात त्याने विचारले. मला उत्तर देता आले नाही. फोनवर मी हा विषय दोनदा काढला, पण दोन्ही वेळा "जाऊ दे, आता कशाला ते" असे म्हणून तू तो मिटवलास, आई. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. दोघांनी शांतपणे वाचावे, एवढीच विनंती आहे.

गेल्या वर्षी 17 जुलैला आषाढी एकादशी होती आणि इथल्या चार दिवसांच्या पदयात्रेचा तो दुसरा दिवस होता. ही पदयात्रा 1909 साली सुरू झाली, असे मी तुम्हाला सांगितले होते. रोज तीस, चाळीस, पन्नास किलोमीटर चालणारी ती हजारो माणसे आणि त्यांच्यासाठी पाणी नि काकडीच्या फोडी घेऊन कडेला उभे राहिलेले लोक पाहून "ही तर वारीच आहे की" असे म्हणत तू डोळे पुसलेस. खालचे काका साठी उलटल्यावरही चारही दिवस चालत होते. त्या संध्याकाळी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा तू स्वतः जिना उतरून त्यांना देऊन आलीस, आणि शुक्रवारी शेवटच्या टप्प्यावर, जिथे सगळे गाव चालणाऱ्यांना ग्लॅडिओलसची फुले देते, तिथे गर्दीतून वाट काढत तू त्यांच्या हातात फूल ठेवलेस. पुढच्याच आठवड्यात बाबांना रात्री चक्कर आली. आमच्याकडे गाडी नाही. मी खालची बेल वाजवली, तेव्हा ते रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून दोन मिनिटांत बाहेर आले, आपल्याला रात्रीच्या दवाखान्यात घेऊन गेले आणि उजाडेपर्यंत बाकावर बसून राहिले. बाबा, तुमचा चष्मा आणि कानटोपी त्या रात्री त्यांच्याच मांडीवर होती.

त्यानंतर चारच दिवसांनी तुम्ही दोघे बाजारात गेला होता आणि एका दुकानाचे शटर वर करताना तुम्हाला ते दिसले. फलकावर 'कॉफीशॉप' असे लिहिले होते, आणि या देशात त्या शब्दाचा अर्थ गांजा विकणारे दुकान असा होतो, हे बाबांना ठाऊक होते. तुम्ही घरी आलात ते गप्पच. त्याच संध्याकाळी काका निळ्या काठाच्या ताटलीत स्वतः केलेला सफरचंदाचा केक घेऊन आले. तो तीन दिवस ओट्यावर तसाच राहिला आणि चौथ्या दिवशी कचऱ्यात गेला. पुढे तुमचा मुक्काम तीन आठवडे होता, पण तेवढ्या काळात खालची बेल वाजली की तू नातवाला आतल्या खोलीत नेत असस.

यात पहिली चूक माझी आहे, हे मी आधीच कबूल करते. "काका काय करतात?" असे तुम्ही विचारले होते, तेव्हा "एका दुकानात असतात" एवढेच सांगून मी पुढचे गिळले. त्यांच्या शेजारी चार वर्षे राहूनही तो शब्द तुमच्यापुढे उच्चारायची मला लाज वाटली. म्हणजे जी अढी तुमच्या मनात बसली, ती माझ्याही मनात होतीच. तुम्ही ती उघड केलीत आणि मी झाकून ठेवली.

ते नेमके काय करतात, हे आता नीट सांगते. गेल्या हिवाळ्यात त्यांची किल्ली आमच्याकडे राहिली होती, ती द्यायला मी त्या दुकानात गेले. अंधारी गुत्त्यासारखी जागा असेल असे मला वाटले होते. तिथे औषधाच्या दुकानात असतो तसा काउंटर होता, त्यावर छोटा इलेक्ट्रॉनिक काटा होता आणि काउंटरमागे चष्मा नाकावर घेऊन आपले काका उभे होते. माझ्या पुढे एक मुलगा होता. काकांनी त्याचे ओळखपत्र दोनदा पाहिले, त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि ते परत केले. अठरा वर्षे पूर्ण व्हायला त्याला दोन महिने कमी होते. तो हुज्जत घालू लागला, तरी काकांनी आवाज चढवला नाही, पण जागचे हललेही नाहीत. त्याच्या मागची बाई पहिल्यांदाच आली होती. सर्वांत सौम्य प्रकार घ्यावा, त्याबरोबर दारू मुळीच पिऊ नये, एकटीने घेऊ नये, असे ते तिला बराच वेळ समजावत होते, आणि शेवटी तिने मागितले होते त्याच्या निम्मेच त्यांनी तोलून दिले.

हे सगळे त्यांच्या मर्जीवर चालत नाही. इथल्या अफूविषयक कायद्यात 1976 साली दुरुस्ती झाली आणि हेरॉइन-कोकेनसारखे घातक पदार्थ एका यादीत, तर गांजा-चरस दुसऱ्या यादीत गेले. त्या काळी हेरॉइन शहरांत शिरले होते, आणि गांजासाठी जाणारे पोर हेरॉइन विकणाऱ्याच्या दारात जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. बाबा, "आज गांजा, उद्या पावडर" असे तुम्ही म्हणाला होता. नेमकी हीच भीती मनात ठेवून इथल्या सरकारने ही दोन दारे वेगळी केली. दुकानाने जाहिरात करायची नाही, दारू ठेवायची नाही, अठराच्या आतल्या कोणाला उंबरठा ओलांडू द्यायचा नाही, एका माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा जास्त द्यायचे नाही, बहुतेक ठिकाणी दुकानात पाचशे ग्रॅमपेक्षा अधिक साठा ठेवायचा नाही आणि घातक पदार्थ सापडला तर दुकानाला टाळे. एवढे करूनही देशात बहुतेक ठिकाणी ही विक्री कायदेशीर ठरत नाही. तिच्याकडे फक्त काणाडोळा केला जातो. डच भाषेत त्याला 'खेडोखन' असा स्वतंत्र शब्दच आहे.

या काणाडोळ्याची सगळी झळ विकणाऱ्याला लागते. पुढच्या दाराने विकलेले चालते, पण मागच्या दाराने दुकानात येणारा माल पिकवणे आणि पुरवणे हा इतकी वर्षे गुन्हाच होता. म्हणजे जे विकायला मुभा आहे, ते आणायचे मात्र चोरासारखे. गेल्या 7 एप्रिलपासून नायमेगनसह दहा पालिकांच्या हद्दीत एक सरकारी प्रयोग पूर्णपणे लागू झाला आहे. इथल्या कॉफीशॉपांत आता परवानाधारक उत्पादकांचाच गांजा विकला जातो, आणि त्यात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, किती आहे हे डबीवर छापलेले असते. ते सांगताना काकांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव होता, तो मी विसरणार नाही. "तीस वर्षांत पहिल्यांदा, पाकिटात काय आहे हे मला खात्रीने सांगता येते," असे ते म्हणाले.

इथे त्यांना मान मिळतो असेही समजू नका. बँका कॉफीशॉपवाल्यांना खाते द्यायला का-कू करतात. इथे वाढदिवसाला सगळे गोल करून बसतात आणि नवीन माणसाला "तुम्ही काय करता?" असे हमखास विचारतात, तेव्हा काका "हॉटेल व्यवसायात आहे" असे सांगतात. त्यांची मुलगी शाळेत असताना तिच्या वाढदिवसाला दोन मैत्रिणींना घरच्यांनी पाठवले नाही. त्या मैत्रिणींपैकी एकीचे वडील त्यांचे नेहमीचे गिऱ्हाईक होते. हे सांगताना ते रागावले नव्हते, पण कितीतरी वेळ कपातला चमचा फिरवत राहिले.

ते ऐकून मला आपली निपाणीची गल्ली आठवली. मारुतीच्या देवळामागे एक विधवा बाई राहत असे आणि गांजाच्या पुड्या विकत असे. तिची मुलगी माझ्याच बाकावर बसायची. आई, संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला तू सगळ्या गल्लीला बोलावलेस, पण त्या मुलीला बोलवायचे नाही असे मला बजावलेस. घेणारे कोण होते ते गल्लीला माहीत होते. त्यांत भजनाला बसणारे होते, एक शिक्षक होते, आपल्या घरी चहाला येणारे दोघे होते. त्यांच्याविषयी "नाद आहे हो थोडा" एवढेच लोक म्हणत. बाईला पोलिसांनी नेले, मुलगी शाळेतून गेली, आणि पुढे ती कुठे आहे याची मी कधी चौकशीही केली नाही. तो बाक मला अजून दिसतो.

त्याच गल्लीच्या टोकाला आपली तंबाखूची वखार होती. बाबा, हे मी तुम्हाला दुखवण्यासाठी लिहीत नाही. त्या वखारीने तुमचे शिक्षण केले आणि माझेही केले, त्यामुळे मीही त्याच पैशावर वाढले आहे. तोंडाला पदर बांधून तंबाखू चाळणाऱ्या बायका, त्यांच्या भुवयांवर बसलेला खकाणा, आणि दुपारी डबा घेऊन गेले की मला येणाऱ्या शिंका आठवतात. आजोबा देवळाचे विश्वस्त होते, शाळेच्या समारंभात पहिल्या रांगेत बसत. 1981 साली तंबाखूच्या दरासाठी निपाणीत शेतकऱ्यांचे आंदोलन झाले आणि गोळीबारात माणसे गेली, त्यांच्याविषयी आपण आजही आदराने बोलतो, आणि ते योग्यच आहे, कारण ती पोटापाण्याची लढाई होती. पण मोठ्या काकूंच्या तोंडाचा कर्करोग जन्मभर लावलेल्या मशेरीचा होता, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, तेव्हाही आपल्यापैकी कोणी वखारीकडे बोट दाखवले नाही. जगात दरवर्षी सत्तर लाखांहून अधिक माणसे तंबाखूने मरतात. इथल्या खानावळी, कॅफे, कॉफीशॉपांत 1 जुलै 2008 पासून धूम्रपानबंदी आहे आणि ती तंबाखूची आहे. काकांच्या दुकानात एखाद्याने गांजात तंबाखू मिसळून ओढायला घेतला, तर ते त्याला बाहेर जायला सांगतात. आपल्या घराने तीन पिढ्या जो माल विकला, तो त्यांच्या दुकानात ओढायला बंदी आहे.

तुम्ही काशीला गेला होता, तेव्हा सरकारी भांगेच्या दुकानाच्या फलकाचा फोटो बाबांनी घरच्या ग्रुपवर टाकला होता आणि सगळ्यांनी कौतुकाने पाहिला होता. भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची पाने, फुलोरा आणि राळ. आपल्या 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने फुलोरा आणि राळ गुन्ह्यात धरली, नुसती पाने वगळली. म्हणून काशीचा दुकानदार परवानाधारक आणि देवळामागची बाई गुन्हेगार. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मला मान्य आहे. आपल्याकडे गांजा विकणे गुन्हा आहे आणि कोणी तो विकावा असे मी मुळीच म्हणत नाही. पण माणसाच्या घरचे पाणी प्यायचे की नाही, हे आपण त्या रेघेवरून ठरवू लागलो, याचा मला त्रास होतो.

गांजा निरुपद्रवी आहे असेही मी म्हणत नाही. कोवळ्या वयात त्याची सवय लागली तर डोक्यावर परिणाम होतो, काहींना भास होऊ लागतात, आणि हल्लीचा माल पूर्वीपेक्षा कितीतरी तीव्र असतो. मी तो कधी घेतलेला नाही आणि तुमच्या नातवाने घ्यावा असे मला स्वप्नातही वाटणार नाही. त्याची काळजी वाटून तू दार लावून घेतलेस, हे मला कळते, आई. पण तो खाली जातो ते सायकल शिकायला आणि काकांच्या मांजराला खेळवायला. त्यांच्या घरात मी आजवर राखदाणीसुद्धा पाहिलेली नाही. आणि तो सोळा-सतरा वर्षांचा होऊन कधी चुकून त्या काउंटरपाशी उभा राहिलाच, तर पलीकडे काकांसारखाच माणूस असावा, असे मला मनापासून वाटते.

तुम्ही गेल्यावर काकांनी मला एकदाच विचारले, "तुझे आई-वडील माझ्यावर रागावले का?" मी "नाही" म्हणाले. त्यांना ते खरे वाटले नाही, आणि पुन्हा त्यांनी तुमचे नाव काढले नाही.

यंदा आषाढी 6 जुलैला आहे, म्हणजे ती घरी साजरी करूनच तुम्ही निघाल. पदयात्रा 15 पासून आहे आणि काकांनी यंदाही नाव नोंदवले आहे; संध्याकाळी जेवण झाले की ते सरावाला बाहेर पडतात. बाबांनी त्यांच्याशी गप्पा माराव्यात, असा आग्रह मी धरणार नाही. आई, तुझ्याकडे मात्र एक मागणे आहे. त्यांची ती निळ्या काठाची ताटली अजून माझ्या फडताळात आहे. मी ती दोनदा खाली घेऊन निघाले आणि जिन्यातूनच परत आले, कारण शेजारच्याचे भांडे रिकामे परत करायचे नाही, हे तूच मला शिकवले आहेस. येताना शेंगदाण्याचे लाडू कर. ताटली मी घासून ठेवते; खाली मात्र ती तूच घेऊन जा.

बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिने पुरतील एवढ्या घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा.

तुमची लेक