युगांडाला जाण्याआधी

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

तिकीट झालं, आता त्या तारखेपासून मागे मोजत ये. यलो फिव्हरची लस टोचल्यापासून १० दिवसांनी पिवळं कार्ड (लस घेतल्याचा आंतरराष्ट्रीय दाखला) ग्राह्य धरतात. लस लगेच मिळेल असंही समजू नकोस. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि ती कालवली की ६ तासांत संपवावी लागते, म्हणून सरकारमान्य केंद्रं ठरावीक वारीच माणसं जमवून टोचतात. महिनाभर आधी नंबर लाव. नाव आणि पासपोर्ट नंबर बरोबर आहेत ना, बॅच नंबर, सही, शिक्का आहे ना, ते खिडकीवरून हलण्याआधी बघ. लस जिवंत विषाणूची आहे. अंड्याची जोरदार अ‍ॅलर्जी असेल किंवा स्टेरॉइडसारखी औषधं चालू असतील तर आधीच सांगायचं. २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं, त्यामुळे जपून ठेव. परत येताना तर ते हवंच. आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे. कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत अडकवून ठेवतात.

मलेरियाचं कार्ड मात्र कुणी विचारत नाही, आणि मला धास्ती त्याचीच आहे. तिथे मुख्यतः फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार, त्यावर क्लोरोक्विन या जुन्या औषधाचा भरवसा नाही. 'आपल्याला डासांची सवय आहे' हे खूळ डोक्यातून काढ. मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्टर बहुधा दोनपैकी एक गोळी देतील. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल दिली तर निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून रोज, आणि परतल्यावर ७ दिवस. ती जेवणानंतर किंवा दुधाबरोबर घ्यायची, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. डॉक्सिसायक्लिनचं नेमकं उलट: दूध, अँटासिड, लोहाच्या गोळ्या तिच्या जवळपासही नकोत. ती भरपूर पाण्याबरोबर घे आणि घेतल्यावर आडवा होऊ नकोस, अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. उन्हात कातडीही भाजते. ही परतल्यावर ४ आठवडे चालू ठेवायची, कारण ती यकृतातल्या जंतूंवर भरवशाने चालत नाही. ते रक्तात उतरतील तेव्हा गोळी तिथे हजर हवी. बहुतेक लोक घरी आल्यावर इथेच सोडून देतात.

गोळी घेतली तरी संध्याकाळनंतर पूर्ण बाह्या, डीईईटी (डास दूर ठेवणारं औषध) असलेलं मलम (सनस्क्रीन आधी, हे वरून) आणि औषध लावलेली मच्छरदाणी.

टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए यांच्या लसी त्याच फेरीत विचारून घे. कुत्रं किंवा माकड चावलं तर १५ मिनिटं साबणपाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठ. व्हिक्टोरिया सरोवरात पोहायचं नाही, काठाशी पाय बुडवूनही बसायचं नाही. गोगलगायींतून सुटलेल्या बिल्हार्झियाच्या (परजीवी कृमींचा रोग) अळ्या धडधाकट कातडीतूनही आत शिरतात.

परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपास, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य 'मी युगांडाहून आलोय' हे सांग.

तुझी,
आई