लेखी मनाई असताना जुन्या घड्याळाची केस पॉलिश केल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : जपानच्या सेको कंपनीच्या किंग सेको ४५-७००१ या चावीच्या घड्याळाची केस (बाहेरचं पोलादी आवरण) माझ्या मनाईविरुद्ध घासल्याबद्दल आणि मूळ चावी (बाजूचं फिरवायचं बटण) परत न दिल्याबद्दल.

महोदय,

आपल्या नागपूरमधल्या बर्डीवरच्या शाखेत मी हे घड्याळ फक्त मशीन उघडून धुण्यासाठी, तेल देण्यासाठी आणि वेळ लावण्यासाठी दिलं होतं. तिथून ते आपल्या मुख्य दुरुस्ती केंद्रात गेलं. 'केस पॉलिश करू नये, काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा' असं जॉबकार्डावर मी स्वतः लिहिलं होतं आणि त्याखाली आपल्या शाखेचा शिक्का आहे. प्रत सोबत जोडली आहे.

घड्याळ परत आलं ते चकाकत. पट्टा जिथे अडकतो त्या चारही टोकांच्या धारा गोल झाल्या आहेत. सेकोची खूण असलेली चावी जाऊन तिथे बिनखुणेची नवी चावी बसली आहे. जुनी चावी पाकिटात नव्हती.

फोनवर आपल्या प्रतिनिधींनी सांगितलं, "सर, नव्यासारखं करून दिलं, पॉलिशचे पैसेही लावले नाहीत." त्यांचा हेतू वाईट नसेल. पण काय गेलं हे आपल्या विभागाला समजावं म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सेकोचे डिझायनर तारो तानाका यांनी साठच्या दशकात ग्रँड सेको आणि किंग सेकोच्या केसला एक शिस्त लावली : सपाट पृष्ठभाग, त्यात न वाकता दिसणारं प्रतिबिंब आणि दोन पृष्ठभाग मिळतात तिथे सुरीसारखी धार. ही धार हेच त्या केसचं रूप. फिरत्या कापडी चाकावर केस धरली की चकाकी येते, पण धार झिजते. गेलेलं मूळ पोलाद परत येत नाही.

आता हे विशिष्ट घड्याळ. मागच्या झाकणावरचा क्रमांक ९ आणि डी यांनी सुरू होतो. सेकोच्या पद्धतीत पहिला आकडा वर्षातला शेवटचा आणि पुढची खूण महिन्याची, म्हणजे डिसेंबर १९६९. त्याच महिन्याच्या २५ तारखेला टोकियोत सेकोने क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन हे बॅटरी आणि क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारं घड्याळ विक्रीला आणलं. महिन्याला फार तर पाच सेकंदांचा फरक असलेलं ते जगातलं पहिलं विक्रीयोग्य क्वार्ट्झ मनगटी घड्याळ. माझ्या घड्याळातलं मशीन तासाला ३६,००० ठोके, म्हणजे सेकंदाला दहा ठोके देतं, आणि तेही रोज हाताने चावी देऊन. एकाच कंपनीने एकाच महिन्यात चावीच्या घड्याळाची कमाल आणि त्याला मागे टाकणारी वस्तू, दोन्ही बनवल्या. मी गोळा करतो ती घड्याळं याच काळातली. पुढे क्वार्ट्झने चावीच्या घड्याळांचा बाजार खाल्ला हे सगळ्यांना ठाऊक आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या सुमारास घड्याळधंद्यात नव्वद हजारांच्या आसपास माणसं होती, ऐंशीच्या दशकात ती तीस हजारांच्या घरात आली. आपल्याकडे एचएमटीची जनता आणि पायलट ही चावीची घड्याळं आणखी बरीच वर्षं घरोघरी चालली, म्हणून तो बदल आपल्याला उशिरा जाणवला इतकंच.

अशा घड्याळावरचे ओरखडे मला चालतात, कारण ते त्याच्या वयाचे आहेत. संग्राहक केस हातात घेतो तेव्हा धारा आणि चावी आवर्जून बघतो. या दोन्ही गोष्टी गेल्यावर घड्याळाची किंमत तर उतरतेच. मला त्याहून जास्त लागतं ते हे, की इतकी वर्षं कुणी न घासलेली एक केस माझ्या ताब्यात असताना घासली गेली.

मशीनचं काम मात्र उत्तम झालं आहे, हेही नोंदवतो. चाल स्थिर आहे, सेकंदकाटा सरकत गेल्यासारखा फिरतो. ज्या कारागिराने ते केलं त्याचा हात तयार आहे. या तक्रारीची झळ त्याला लागू नये. चूक जॉबकार्ड न वाचणाऱ्या टप्प्यावर झाली आहे.

माझी मूळ चावी शोधून परत द्या. आपल्या केंद्रात काढलेले भाग काही काळ ठेवतात असं शाखेतून कळलं, तेव्हा ती टाकून दिली जाण्याआधी आजच शोध घ्यावा ही विनंती. केसवर नेमकं काय केलं, कोणते भाग बदलले, हे लेटरहेडवर लिहून द्या, कारण पुढे हे घड्याळ ज्याच्याकडे जाईल त्याला खरं सांगणं माझं कर्तव्य आहे. घेतलेली पूर्ण रक्कम परत करा आणि झालेल्या नुकसानीची भरपाई द्या. जुन्या घड्याळांच्या जाणकाराकडून मूल्यांकन करून घ्यायला मी तयार आहे, जाणकार दोघांच्या संमतीने ठरवू.

'जबाबदारी सेवाशुल्कापुरतीच' अशी ओळ पावतीमागे छापली आहे, ती मी वाचली आहे. पण लेखी सूचना स्वीकारून तिच्या उलट काम करणं ही सेवेतली त्रुटी आहे, आणि त्या ओळीने ती झाकली जात नाही असं माझं मत आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. आपलं केंद्र बाहेरगावी असलं तरी तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते.

सोबत : जॉबकार्ड व पावतीची प्रत, घड्याळ देण्याआधीची आणि नंतरची छायाचित्रं.

आपला,
एक ग्राहक
धरमपेठ, नागपूर