कलमाचा खुंट कोणता?

महोदय,

मुलुंडला आमच्या गच्चीवर मोसंबीची दोन कलमे आहेत. ऊन तेच, कुंड्या सारख्या, पाणीही तांब्याने मोजून. तरी दुपारी दोनला एकाची पाने वळतात, दुसरे टवटवीत. फरक खुंटाचा, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर मोसंबीचे कलम बांधतात त्याचा, असावा. पान कितीही हिरवे असो, त्याला पाणी पोचवणार खालची मुळेच. खुंटासाठी वापरतात त्या जंबेरी लिंबाची मुळे जोमदार, भराभर पाणी ओढणारी. मुळांची ओढ कमी पडली की पानांची रंध्रे, म्हणजे बारीक छिद्रे, मिटतात आणि बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांतून वाफ होऊन जाणारे पाणी, घटते. रंगपूर लिंबाचा खुंट पाण्याचा ताण बरा सोसतो. विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला हे सांगावे लागत नाही. आमच्या रोपवाटिकेत खुंट विचारला, तर उत्तर आले, ‘काका, मोसंबीचंच आहे!’ कलमाच्या चिठ्ठीवर जातीखाली खुंटाचे नावही लिहायला काय हरकत आहे?

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई