पुढची तारीख कुठून मोजायची?

संपादक महोदय,

कामांच्या नोंदी ठेवणाऱ्या अ‍ॅपविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. रंग, घंटा, विजेट, सगळ्यांची दखल घेतली आहे. पण पुन्हा पुन्हा येणारं काम उशिरा झालं तर त्याची पुढची तारीख कुठून मोजली जाते, याबद्दल एक ओळ नाही. माझी सगळी नोकरी यंत्रांच्या देखभालीत गेली, त्यामुळे मला आधी तेच बघायची खोड आहे.

मी स्वतः साध्या टेक्स्ट फाइलीत कामं लिहितो. ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममधला, कामं आणि नोंदी सांभाळणारा ऑर्ग-मोड वापरतो. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये तो लिहायला घेतला. त्यात तारखेपुढे पुनरावृत्तीची खूण आपणच टाकायची, आणि ती तीन प्रकारची. समजा, सोमवार ५ जानेवारी २०२६ चं साप्ताहिक काम रखडलं आणि बुधवारी २८ तारखेला उरकलं. खुणेत एकच अधिक चिन्ह असेल तर पुढची तारीख येते १२ जानेवारी, म्हणजे थकबाकी एकेक करून फेडा. दोन अधिक चिन्हं असतील तर २ फेब्रुवारी: वार सोमवारच, मधले बुडाले ते बुडाले. अधिकच्या आधी टिंब दिलं तर ४ फेब्रुवारी, काम झालं त्या दिवसापासून सात दिवस.

कर्जाचा हप्ता चुकला तर पुढचा भरून मागचा माफ होत नाही. तिथे पहिलीच खूण हवी. सोमवारच्या बैठकीला दुसरी. आणि शनिवारी साफ केलेला फिल्टर केवळ सोमवार उजाडला म्हणून पुन्हा उघडण्यात काय हशील? तिथे टिंबवाली. यातलं एकच काहीतरी परस्पर ठरवून टाकणारी अ‍ॅप मी वापरून सोडली आहेत.

ऑर्गचीही एक खोड सांगायलाच हवी. ३१ जानेवारीच्या कामाला 'दर महिन्याला' लावलं की पुढची तारीख ३ मार्च येते, कारण फेब्रुवारीचे २८ दिवस संपून उरलेले तीन पुढे सांडतात. त्यानंतर ३ एप्रिल. महिनाअखेर कायमची गेली. कॅलेंडरांच्या देवाणघेवाणीचं आयकॅलेंडर हे प्रमाण अशा वेळी फेब्रुवारी सरळ गाळतं. तेही हिशेब लिहिणाऱ्याच्या कामाचं नाही! (आणि हो, ऑर्गमध्ये असं काम 'झालं' केलं की ते नव्या तारखेसह पुन्हा 'करायचं' होऊन बसतं. नवखे याला बिघाड समजतात. तो बिघाड नव्हे.)

आपल्या लेखकांना विनंती: पुढच्या वेळी प्रत्येक अ‍ॅपमध्ये तीन आठवड्यांपूर्वीची तारीख घालून एक साप्ताहिक काम नोंदवावं, आज ते 'झालं' करावं, आणि कोणती तारीख येते ती छापावी. ३१ तारखेचंही एक.

आपला,
एक निवृत्त देखभाल पर्यवेक्षक